अंधाऱ्या खोलीतील उलटे जग : हातबनावटीचा कॅमेरा ऑब्स्क्युरा, प्रायोगिक छायाचित्रण आणि पाहण्याचा प्रश्न

सर्व बाजूंनी बंद केलेल्या अंधाऱ्या खोलीच्या किंवा पेटीच्या एका भिंतीला बारीक छिद्र पाडले, की बाहेरच्या उजेडातील दृश्याची उलटी, रंगीत आणि हलती प्रतिमा समोरच्या भिंतीवर उमटते; या रचनेला कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे लॅटिनमध्ये अंधारी खोली, असे म्हणतात. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे झाडाच्या शेंड्यावरून निघालेला किरण छिद्रातून खाली उतरतो, बुंध्यावरून निघालेला वर चढतो आणि पडद्यावर झाड डोक्यावर उभे राहते. याचीच छोटी आवृत्ती शालेय विज्ञानात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक म्हणून शिकवली जाते. छायाचित्रणाच्या इतिहासग्रंथांत या खोलीला कॅमेऱ्याची पूर्वज ठरवून एका परिच्छेदात मोकळे होण्याची प्रथा आहे, आणि ती प्रथा मूळ मुद्द्यावर अन्याय करणारी आहे. प्रतिमा घडणे आणि प्रतिमा धरून ठेवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आजचा कॅमेरा त्या क्षणार्धात एकत्र उरकतो, तर अंधारी खोली फक्त पहिली क्रिया करते आणि दुसरी माणसावर, म्हणजे त्याच्या डोळ्यावर, हातावर किंवा रासायनिक कागदावर, सोपवते. या फटीत उभे राहून पाहणाऱ्यांनी गेल्या दोन हजारांहून अधिक वर्षांत प्रकाशाविषयी आणि स्वतःच्या पाहण्याविषयी काय शोधले, आणि आजचे प्रयोगशील छायाचित्रकार तिकडे पुन्हा का वळले आहेत, हा या आढाव्याचा विषय आहे.

या घटनेची सर्वांत जुनी ज्ञात लेखी चर्चा चीनमध्ये आढळते. इसवीसनपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास मोझी या विचारवंताच्या परंपरेतील ग्रंथात छिद्रातून आलेली प्रतिमा उलटी का होते, याचे कारण किरणांच्या सरळ गतीत शोधलेले आहे. ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘प्रॉब्लेमाटा’ या ग्रंथात वेगळेच कोडे मांडलेले आहे : चौकोनी भोकांतून आलेला सूर्यप्रकाश जमिनीवर गोल का पडतो, आणि ग्रहणकाळी पानांच्या फटींतून आलेले कवडसे चंद्रकोरीसारखे का दिसतात? हे कोडे वाटते तितके सोपे नाही. छिद्र पडद्याच्या अगदी जवळ असेल, तर कवडसा छिद्राच्या आकाराचा पडतो. पडदा दूर नेत गेले की तो सूर्याच्या आकाराचा होत जातो. महाराष्ट्रात २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी खंडग्रास सूर्यग्रहण लागले असताना चिंच-गुलमोहराखाली शेकडो कोरी पसरलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनी नेमके हेच कोडे पाहिले होते, कारण पानांमधल्या फटींना कोणताही ठरावीक आकार नसतो.

या कोड्याचे उत्तर योहानेस केप्लरने १६०४ साली दिले आणि ते देताना वापरलेली युक्ती आजही कोणत्याही वर्गात करून पाहता येते. त्याने एक पुस्तक उंचावर टांगले, ते प्रकाशाचा स्रोत आहे असे मानले, मधे अनेक कोन असलेले छिद्र ठेवले आणि पुस्तकाच्या एका कोपऱ्याला बांधलेला दोरा त्या छिद्राच्या कडेकडेने फिरवत खाली जमिनीवर त्याचा माग काढला. दोऱ्याने छिद्राचाच आकार काढला. मग दुसरा कोपरा, तिसरा कोपरा, मग पुस्तकाच्या कडा, असे करत गेल्यावर जमिनीवर छिद्राच्या असंख्य आकृत्या एकमेकींवर पडल्या आणि त्यांच्या गर्दीतून पुस्तकाचा आकार उभा राहिला. प्रतिमा म्हणजे वस्तूवरील प्रत्येक बिंदूने पाठवलेल्या ठिपक्यांची बेरीज असते, आणि ठिपका जितका लहान तितकी प्रतिमा रेखीव असते, हे आधुनिक प्रकाशशास्त्राचे तत्त्व या दोऱ्याने हातात आणून दिले.

केप्लरच्या आधी जवळजवळ सहाशे वर्षे इब्न अल्-हैथम या बसरा येथे जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या विद्वानाने छिद्राचा उपयोग अधिक मूलभूत प्रश्नासाठी केला होता. छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले, तर आतल्या भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके वेगवेगळे पडतात आणि एक दिवा झाकला की त्याच्या समोरचा तेवढा एकच ठिपका नाहीसा होतो, हे त्याने दाखवले. म्हणजे सारे किरण एकाच छिद्रातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाहीत. हे निरीक्षण महत्त्वाचे ठरले, कारण दृष्टी कशी घडते हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडून वस्तूला स्पर्श करतात. भारतात न्यायदर्शनानेही डोळा प्राप्यकारी, म्हणजे विषयापर्यंत पोहोचून ज्ञान करून देणारा, मानला होता, तर बौद्ध आणि जैन तार्किकांनी ही भूमिका नाकारली होती. आपल्याकडील हा वाद प्रमाणशास्त्राच्या अंगाने अतिशय सूक्ष्मपणे चालला, आणि त्याला अंधाऱ्या खोलीची जोड मिळाली असती तर तो कुठे गेला असता, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. इब्न अल्-हैथमने मात्र प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो ही बाजू प्रयोगाच्या आधाराने उचलून धरली आणि पुढचे सारे प्रकाशशास्त्र त्या पायावर उभे राहिले.

छिद्राचा मोजमापासाठी उपयोग तर इमारतींच्या प्रमाणावर झाला. बोलोन्या येथील सान पेत्रोनिओ चर्चमध्ये कासिनीने १६५५ साली सुमारे २७ मीटर उंचीवरच्या छिद्रातून सूर्याची प्रतिमा फरशीवर आखलेल्या सुमारे ६७ मीटर लांबीच्या रेषेवर पाडली आणि वर्षभरात त्या प्रतिमेचा व्यास कसा कमी-जास्त होतो हे मोजून सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतराच्या बदलाबाबत केप्लरचे गणित बरोबर असल्याचे दाखवले. जयपूरच्या वेधशाळेतील षष्ठांश यंत्र हीदेखील एक अंधारी खोलीच आहे. माध्यान्ही छतातील छिद्रातून आलेले सूर्यबिंब साठ अंशांच्या कमानीवरून सरकते आणि त्यावरून सूर्याची उंची वाचता येते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात मागच्या एका खोलीत गोपुराची उलटी छाया भिंतीवर पडते आणि महाराष्ट्रातून जाणारे प्रवासी ती हमखास पाहतात. तेथे प्राचीन गुपितांच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांची काही गरज नाही. उन्हात उभी असलेली उंच वास्तू, तिच्यासमोर अंधारी खोली आणि मधे लहानसे भोक, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की गोपूर उलटे होतेच, आणि हे साधे कारण कोणत्याही कथेपेक्षा अधिक विस्मयकारक आहे.

पाहण्याच्या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते केप्लरच्या त्याच १६०४ सालच्या ग्रंथाने. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्या या ग्रंथात त्याने डोळा हीच एक अंधारी खोली असून बाहुली हे तिचे छिद्र आणि आतला मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, ही तिची भिंत असल्याचे मांडले. त्यातून एक अडचण उभी राहिली : दृष्टिपटलावरची प्रतिमा उलटी असते, मग जग सुलटे का दिसते? केप्लरने प्रतिमा पटलावर पोहोचवली आणि त्यापुढचे काम तत्त्वज्ञांवर सोडले. देकार्तने १६३७ साली बैलाचा डोळा मागून सोलून, त्या जागी पातळ कागद किंवा अंड्याचे टरफल लावून, तो अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत बसवण्याचा प्रयोग वर्णन केला. त्या पडद्यावर बाहेरचे दृश्य उलटे दिसते. मात्र देकार्तने एक शहाणपणाची सूचनाही केली, की मेंदूत बसलेल्या आणखी एखाद्या डोळ्याने ही प्रतिमा पाहावी लागते असे समजू नये. या सूचनेकडे पुढे वारंवार दुर्लक्ष झाले आणि डोळा म्हणजे कॅमेरा हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले.

या समीकरणाची परीक्षा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन याने घेतली. १८९६ आणि १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने एक डोळा झाकून दुसऱ्यावर दृश्य उलटे करणारी भिंगांची नळी बांधली, म्हणजे दृष्टिपटलावर प्रतिमा सुलटी पडू लागली, आणि दुसऱ्या वेळी तो आठ दिवस तसा वावरला. आरंभीचा गोंधळ ओसरल्यावर हात-पाय आणि दृश्य यांचा मेळ हळूहळू बसू लागला. विसाव्या शतकाच्या मध्यास इन्सब्रुक येथे थिओडोर एरिस्मान आणि इव्हो कोलर यांनी चष्म्यांचे प्रयोग आठवड्यांपर्यंत लांबवले आणि चष्मा घातलेली माणसे सायकलसुद्धा चालवू लागली. यावरून काही दिवसांत मेंदू दृश्य पुन्हा सुलटे करतो असा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत शिरला. परंतु १९९९ साली जर्मन संशोधकांनी असाच प्रयोग काटेकोर चाचण्यांसह केला, तेव्हा सहभागी माणसांचे वागणे सुरळीत झाले, तरी दृश्य सुलटे झाल्याचा पुरावा मिळाला नाही. दोन्ही बाजू लक्षात घेता असे म्हणणे रास्त ठरते, की उलटे किंवा सुलटे हा गुण एकट्या प्रतिमेचा नसतो. तो प्रतिमा, शरीर आणि हालचाल यांच्या नात्याचा असतो. ज्याला हे पुस्तकात वाचून पटत नाही, त्याला अंधाऱ्या खोलीत बसल्यावर पटते.

म्हणून अशा खोलीचे येथे जरा जवळून वर्णन करणे आवश्यक आहे. चार मीटर खोल खोलीची खिडकी काळ्या प्लास्टिकने आणि पुठ्ठ्याने चिकटपट्टी लावून पूर्ण बंद केली, दाराखालच्या फटीत कापड कोंबले आणि पुठ्ठ्यात साधारण १२ मिलिमीटरचे गोल भोक पाडले, तर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता उमटतो, पण आत शिरताक्षणी काहीच दिसत नाही. गणिताने पाहिले तर भर उन्हातल्या दृश्याचा अशा भोकातून भिंतीवर पडणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपास असतो. डोळ्यातील शंकूपेशी, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, अंधाराला सरावायला सुमारे दहा मिनिटे घेतात आणि मंद उजेडात काम करणाऱ्या शलाकापेशींना पुरते सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतात. त्यामुळे पाहणाऱ्याला आधी फक्त आकाशाची फिकट पट्टी खाली जमिनीलगत दिसते, मग इमारतींच्या कडा, मग झाडांची सळसळ, आणि रंग तर अगदी सावकाश, तेही निळसर बाजूने अधिक उठून दिसतात. मंद उजेडात तांबडे झाकोळते आणि निळे उजळते, या पुर्किंये याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिणामाचा हा घरगुती पुरावा आहे. बाहेर काहीही बदललेले नसते, भिंतीवरही काही बदललेले नसते. बदलत असतो तो पाहणारा, आणि हे त्याला स्वतःला कळत असते. कॅमेऱ्याने काढलेला कोणताही फोटो हा अनुभव देऊ शकत नाही.

त्याच भिंतीवर आणखी एक सूक्ष्म गोष्ट घडते. खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, मागे, रिक्षा आली, तर तिची प्रतिमा भिंतीवर उजव्या बाजूला येते आणि रिक्षा ज्या दिशेने जाते, त्याच्या उलट दिशेने प्रतिमा सरकते. आवाज डाव्या कानाला आणि चित्र उजव्या डोळ्यासमोर, अशी विसंगती निर्माण होते. शिवाय भिंतीवरील प्रतिमा नुसती उलटी नसते, ती आरशातल्यासारखी पालटलेलीही असते, म्हणून समोरच्या दुकानाची पाटी मान वाकडी करून पाहिली तरी वाचता येत नाही. पण हीच प्रतिमा पेटीत लावलेल्या ट्रेसिंग पेपरवर पाडून मागच्या बाजूने पाहिली, तर ती फक्त फिरलेली असते आणि डोके उलटे करून पाहिले की पाटी वाचता येते. उलट्या प्रतिमेत चेहरे ओळखणे अवघड जाते आणि खोल गॅलरी कधी पुढे आलेल्या सज्ज्यासारखी भासते, कारण उजेड वरून येतो असे मेंदू गृहीत धरतो आणि प्रतिमेत सावल्या उलट्या पडलेल्या असतात.

छिद्र किती मोठे असावे, हा कारागिरीचा आणि प्रकाशशास्त्राचा मिळून प्रश्न आहे. मोठ्या छिद्राने ठिपका मोठा होतो आणि प्रतिमा अंधुक होते. फार लहान छिद्राने विवर्तन, म्हणजे कडेवरून प्रकाशाचे पसरणे, वाढते आणि प्रतिमा पुन्हा अंधुकच होते. लॉर्ड रॅले याने १८९१ साली या दोहोंमधला तोल गणिताने मांडला; त्यातून वापरात आलेल्या सूत्रानुसार छिद्रापासून पडद्याचे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे १.९ ने गुणले, की छिद्राचा योग्य व्यास मिळतो. दहा सेंटिमीटर खोलीच्या डब्याला हा व्यास सुमारे ०.४५ मिलिमीटर येतो. चार मीटर खोलीला तो २.८ मिलिमीटरच्या आसपास येतो, पण तेवढ्या छिद्रातून उजेड इतका थोडा येतो, की माणसाच्या डोळ्यासाठी रेखीवपणा थोडा सोडून भोक मोठे करावे लागते. यावर उत्तम तोड म्हणजे चष्म्याच्या दुकानात मिळणारी अधिक पाव नंबरची काच, जिचे नाभीय अंतर चार मीटर असते. तीन सेंटिमीटर उघड्या ठेवलेल्या अशा काचेतून १२ मिलिमीटरच्या भोकाच्या सहापट उजेड येतो आणि प्रतिमाही रेखीव राहते. छिद्रात भिंग बसवण्याची ही कल्पना सोळाव्या शतकातली आहे. व्हेनिसच्या दानिएले बार्बारो याने १५६० च्या दशकाच्या अखेरीस बहिर्वक्र भिंग आणि प्रकाश आटोक्यात ठेवणारी खिडकी या दोन्हींचे वर्णन केले होते.

भिंगामुळे प्रतिमा उजळ झाली आणि चित्रकारांचे लक्ष तिकडे गेले. डेल्फ्टच्या योहानेस फर्मीरने कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला का, हा वाद १८९१ साली जोसेफ पेनेल याने उपस्थित केला आणि तो अजून चालू आहे. वास्तुशास्त्राचे अभ्यासक फिलिप स्टेडमन यांनी २००१ साली फर्मीरच्या सहा चित्रांतील खोलीची भूमिती मांडून असे दाखवले, की त्या खोलीच्या मागच्या भिंतीवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार आणि चित्रफलकांचा आकार जुळतो. त्याच वर्षी चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी हा दावा ताणून पंधराव्या शतकापर्यंत मागे नेला आणि वाद पेटला. स्टेडमन यांचा युक्तिवाद मोजता येण्याजोगा असल्यामुळे वजनदार आहे, तर हॉकनी यांच्या व्यापक दाव्याला तितका आधार नाही. तरीही फर्मीरच्या बाबतीत अधिक मोलाची गोष्ट भूमितीपेक्षा वेगळी आहे : धातूवर किंवा पावावर चमकणारे गोल ठिपके, जे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत पण फोकसबाहेरच्या भिंगातून दिसतात, ते त्याने रंगवले. यंत्राने त्याचा हात चालवला की नाही हे बाजूला ठेवले, तरी त्याचे पाहणे यंत्राने बदलले होते, असे मानायला जागा आहे.

प्रतिमा धरून ठेवण्याचा प्रयत्नही हातबनावटीच्या पेट्यांतूनच सुरू झाला. नीसेफोर नीएप्सने १८२० च्या दशकात कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन खिडकीतून दिसणारे दृश्य टिपले. त्याला इतका वेळ लागला, की सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन पडलेले दिसते. हे जगातील टिकून राहिलेले सर्वांत जुने कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र, आणि त्यातच कोणत्याही डोळ्याने कधीही न पाहिलेले दृश्य आहे, ही बाब छायाचित्रणाच्या इतिहासकारांनी जितकी ठासून सांगायला हवी तितकी सांगितलेली नाही. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटने लेकॉक येथील आपल्या घराभोवती लहान लहान लाकडी पेट्या मांडून ठेवल्या, ज्यांना त्याची पत्नी कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणत असे. ऑगस्ट १८३५ मध्ये त्यातून मिळालेल्या टपाल तिकिटाएवढ्या निगेटिव्हवर जाळीदार खिडकीची सुमारे २०० तावदाने भिंगातून मोजता येत होती, अशी नोंद त्याने स्वतः केली.

पुढे भिंगे तीक्ष्ण झाली, शटर वेगवान झाले आणि हाताने केलेली पेटी मागे पडली, तरी ती पूर्णपणे सुटली नाही. डेव्हिड ब्रूस्टरने १८५६ साली भिंगाशिवाय छायाचित्र काढण्याची पद्धत वर्णन केली आणि १८८० च्या दशकात फ्लिंडर्स पेट्री याने इजिप्तमधील उत्खननात सूचिछिद्र कॅमेरा वापरला. सूचिछिद्राचे गुण वेगळे असतात : जवळचे आणि दूरचे सारखेच रेखीव येते, सरळ रेषा सरळ राहतात, पण वेळ सेकंदांत किंवा मिनिटांत मोजावा लागतो आणि हलणारे ते सारे पुसले जाते. दुधाच्या पावडरीच्या डब्याला थंड पेयाच्या कॅनचा पत्रा लावून, त्यात सुईने भोक पाडून, मागची खरबरीत कड पॉलिश पेपरने घासून काढली आणि आत फोटोचा कागद लावला, की कॅमेरा तयार होतो; गोल डब्यात कागद वाकलेला असल्यामुळे सरळ रस्ता कमानीसारखा येतो आणि पाहणाऱ्याला रेषा सरळ असणे हा कॅमेऱ्याचा स्वाभाविक गुण नसून पडद्याच्या सपाटपणाची देणगी आहे, हे कळते.

समकालीन प्रयोगांत तीन दिशा ठळक दिसतात, आणि त्या सारख्याच मोलाच्या नाहीत. पहिली दिशा क्यूबात जन्मलेले अमेरिकी छायाचित्रकार अबेलार्दो मोरेल यांची. त्यांनी १९९१ पासून निजण्याच्या खोल्या आणि हॉटेलच्या खोल्या अंधाऱ्या करून बाहेरचे शहर पलंगावर, कपाटावर, भिंतीवरच्या चित्रांवर पाडले आणि आतल्या सामानासह त्या दृश्याचे फोटो घेतले. सुरुवातीच्या काळात एका फोटोला कित्येक तास लागत. येथे प्रतिमेचा पडदा कोरा नसतो, तो कुणाच्या तरी जगण्याने भरलेला असतो, म्हणूनच हे काम घडणारी प्रतिमा आणि पाहणारी जागा यांचे नाते सर्वांत स्पष्ट दाखवते. दुसरी दिशा न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या व्हेरा लुटर यांची : खोलीएवढ्या कॅमेऱ्यात भिंतीवर थेट फोटोचा कागद लावून त्या तासन् तास, कधी महिनेही, उजेड घेतात आणि मिळालेली निगेटिव्ह हीच अंतिम कृती मानतात. काळे आकाश आणि पांढऱ्या सावल्या यांची ती जगे पाहताना उजेड आणि अंधार यांविषयीच्या सवयी किती खोल रुजलेल्या आहेत, हे जाणवते. चेक प्रजासत्ताकातील मिरोस्लाव्ह टिखी याचे नावही या संदर्भात घेतले जाते, कारण त्याने पुठ्ठा, दोरे आणि हाताने घासलेल्या भिंगांतून कॅमेरे घडवले. त्याची कारागिरी विलक्षण आहे. परंतु ती त्याने आपल्या गावातील स्त्रियांचे त्यांच्या नकळत फोटो काढण्यासाठी वापरली, आणि प्रतिमांच्या अंधुक सौंदर्याचे कौतुक करणारे समीक्षक ही बाब सहज ओलांडून जातात, ते योग्य नाही.

तिसरी दिशा काळाची आहे. सोलरग्राफी या पद्धतीत सूचिछिद्र डब्यात फोटोचा कागद ठेवून डबा महिनोन् महिने उघड्यावर बांधतात. कागद रसायनात न बुडवता नुसत्या उन्हानेच रंगतो आणि सूर्याचा रोजचा मार्ग एकेका कमानीने उमटतो. ब्रिटनमधील रेजिना व्हॅल्केनबर्ग यांनी २०१२ साली बेफर्डबरी वेधशाळेच्या घुमटाला बांधलेला बियरचा कॅन २०२० साली उतरवण्यात आला, तेव्हा आठ वर्षे आणि एक महिना एवढ्या काळातील २,९५३ सूर्यमार्ग एका कागदावर मिळाले. महाराष्ट्रात हाच प्रयोग वेगळे चित्र देतो. बेफर्डबरीचे अक्षवृत्त सुमारे ५२ अंश असल्यामुळे तेथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच राहतो आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या डब्यात सर्व कमानी मावतात. पुण्यात, सुमारे साडेअठरा अंशांवर, डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, मे महिन्यात तो डोक्यावर येतो आणि जूनमध्ये चक्क उत्तरेकडे झुकतो. त्यामुळे येथील डबा आकाशाकडे तिरका करून बांधावा लागतो. शिवाय जून ते सप्टेंबरच्या ढगांमुळे कमानींच्या जागी काळसर पट्टे पडतात, म्हणजे कागदावर पावसाळा त्याच्या अनुपस्थितीने लिहिला जातो. आपल्याकडील छायाचित्रकारांना परदेशी नमुन्यांची नक्कल न करता करण्याजोगे असे काम येथे पडलेले आहे.

या सगळ्या प्रयोगांमागील सैद्धांतिक वाद थोडक्यात असा. इतिहासकार जोनाथन क्रॅरी यांनी १९९० साली असे प्रतिपादन केले, की सतराव्या-अठराव्या शतकांत अंधारी खोली हे अलिप्त, शरीरविरहित पाहणाऱ्याचे प्रतीक होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते मोडले. त्यांचा एक पुरावा गटेच्या १८१० सालच्या रंगविषयक ग्रंथातला आहे : गटे वाचकाला अंधाऱ्या खोलीत छिद्रातून आलेल्या उजेडाच्या ठिपक्याकडे पाहायला सांगतो आणि लगेच छिद्र बंद करायला लावून डोळ्यातच तरंगणारे रंग पाहायला सांगतो. प्रतिमा आता भिंतीवर राहिली नाही, ती शरीरात आली. मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९७९ साली आणखी पुढे जाऊन डोळा कॅमेऱ्यासारखा आहे ही उपमाच टाकून द्यावी असे म्हटले, कारण प्राणी हलत-फिरत, मान वळवत पाहतो आणि कोणत्याही एका प्रतिमेवर अवलंबून राहत नाही. क्रॅरी यांची मांडणी विचारप्रवर्तक असली, तरी ती एका बाबतीत कमी पडते : खोलीत प्रत्यक्ष बसलेला माणूस कधीच अलिप्त नव्हता. तो अंधाराला सरावत होता, कानाने एक दिशा आणि डोळ्याने दुसरी अनुभवत होता. गिब्सन यांचा आक्षेप उपमेला लागू पडतो. प्रयोगाला तो लागू पडत नाही, उलट प्रयोग त्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

हे ज्याने व्यवहारात ओळखले, त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. समाजशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने १८९२ साली एडिंबरोमधील एक मनोरा घेतला, ज्याच्या माथ्यावर आधीच कॅमेरा ऑब्स्क्युरा बसवलेला होता. तो पाहुण्यांना धापा टाकत जिना चढवून वर नेई, पांढऱ्या टेबलावर पडलेले जिवंत शहर दाखवी, मग एका रिकाम्या कोठडीत विचार करायला बसवी, आणि त्यानंतर एकेक मजला उतरत शहर, देश, युरोप, जग अशा क्रमाने नेई. आपले गाव नेहमीच्या सवयीबाहेर जाऊन पाहिल्याशिवाय नागरिक घडत नाही, हा त्याचा आग्रह होता. हाच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि गो. स. घुर्ये त्याच्या व्याख्यानांना बसत असत. त्या मनोऱ्यासारखी सार्वजनिक अंधारी खोली मुंबईत उभी राहिली असती, तर गिरगाव किंवा गिरणगाव त्या टेबलावर पाहण्याची सोय शहराला मिळाली असती.

हाताने काम करून शिकण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचे मोठे काम केले, आणि गोव्यात पर्यायी छायाचित्रणासाठी काम करणाऱ्या गोवा सेंटर फॉर आल्टरनेटिव्ह फोटोग्राफी या संस्थेने सूचिछिद्र कॅमेऱ्यासारख्या पद्धती जिवंत ठेवल्या. शाळांत मात्र हा विषय बहुतेक ठिकाणी मेणबत्ती, छिद्र आणि पडदा यांच्या किरणाकृतीपुरता राहतो, आणि आकृती पाठ केलेला विद्यार्थी प्रतिमा कधीच पाहत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी ती आकृती फळ्यावर काढण्याआधी वर्गाची एक खिडकी सोडून बाकीच्या काळ्या कागदाने बंद कराव्यात, त्या खिडकीत पुठ्ठा आणि वर्गाच्या खोलीला जुळणाऱ्या नंबरची चष्म्याची काच बसवावी, मुलांना अर्धा तास न बोलता बसू द्यावे आणि नंतर प्रत्येकाला आधी काय दिसले, मग काय दिसले, हे लिहायला सांगावे. खर्च काही शे रुपयांच्या पलीकडे जात नाही, आणि सूर्याकडे थेट कोणीही पाहू नये, एवढी एकच दक्षता घ्यायची आहे.